ऑफिसातल्या पर्सनॅलिटी टेस्ट: किती मनावर घ्यायच्या?

तिरफळ
नमस्कार मंडळी,
आमच्या कंपनीत (हिंजवडीतली एक, एवढंच पुरे) नव्या प्रोजेक्टसाठी टीम लीड निवडायचे आहेत. त्याआधी इच्छुकांना एक ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट द्यायला लावली. चार-चार वाक्यं समोर येतात. त्यातलं स्वतःला सगळ्यात जास्त लागू पडणारं एक निवडायचं आणि सगळ्यात कमी लागू पडणारं एक. म्हणजे 'मी दिलेली वेळ पाळते', 'मी नवख्या लोकांत पटकन मिसळते', 'मी बारकावे तपासते', 'मी कठीण निर्णय घेते'. आता यातलं सगळ्यात कमी कुठलं सांगू? कामावर चारही करावंच लागतं की.

रिपोर्ट आला, जाडजूड आणि रंगीबेरंगी. त्यात मी 'विश्लेषक'. शांत, पद्धतशीर, विश्वासू, वगैरे. वाचून बरं वाटलं होतं. मग मॅनेजर वन-ऑन-वनमध्ये म्हणाला, 'तुझं काम उत्तमच आहे गं, पण प्रोफाइल क्लायंटसमोर जायचं दिसत नाहीये.' हा गडी सुट्टीवर जातो तेव्हा क्लायंटचे कॉल कोण घेतं? मीच!

तर, या टेस्टना खरंच काही आधार असतो का? पुन्हा द्यायची वेळ आली तर उत्तरं त्यांना हवी तशी द्यावीत का? आणि हरकत घेतली तर 'नकारात्मक वृत्ती' असा आणखी एक शिक्का बसेल का?

गावठी_कोंबडा
पहिला!
ताई, हरकत घेतली की रिपोर्टमध्ये 'विश्लेषक' खोडून 'बंडखोर' लिहितील. बंडखोरांना क्लायंटसमोर पाठवतात का ते बघा, काम झालंच समजा.

पेठकर
आमच्या वेळी साहेब उमेदवाराला समोर बसवून दहा मिनिटं बोलायचे आणि माणूस ओळखायचे. आता माणूस ओळखता येत नाही म्हणून सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. अमेरिकेतलं खूळ आहे, इकडे वीस वर्षं उशिरा येतं आणि तिकडे टाकून दिलं तरी इकडे राहतं.

मोगरा
तिरफळ, अगदी अगदी! आमच्याकडे चार अक्षरंवाली टेस्ट होती. आय-एन-टी-जे, ई-एस-एफ-पी वगैरे, म्हणजे स्वभावाच्या चार जोड्यांत (अंतर्मुख की बहिर्मुख, अशा) तुम्ही कुठल्या बाजूचे त्याची एकेक अक्षरं. लोकांनी ईमेलच्या सहीत आपापली अक्षरं टाकली. एका ज्युनियरने सुट्टीच्या अर्जात लिहिलं की मी इंट्रोव्हर्ट आहे, टीम आउटिंगनंतर एक दिवस विश्रांती लागेल. मंजूर झाली हो सुट्टी.

गावठी_कोंबडा
>> मंजूर झाली हो सुट्टी
कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजपासून मी पण इंट्रोव्हर्ट.

आकडेमोड
माझं शिक्षण याच विषयातलं (औद्योगिक मानसशास्त्र), त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

मोगरा म्हणतात ती मायर्स-ब्रिग्ज. कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेलबाईंच्या नावावर त्याआधी एक बक्षीसपात्र रहस्यकथा होती. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेली प्रकारांची कल्पना त्यांनी घेतली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची प्रश्नावली केली. बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत-ऑफिसांत येत होत्या, कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं असा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण शिक्षण नव्हतं म्हणून चाचणी वाईट असं मी म्हणणार नाही. तिची अडचण तिच्या रचनेतच आहे.

माणसांचा स्वभाव मोजला तर बहुतेक जण मधोमध सापडतात, टोकाला थोडे. ही चाचणी बरोबर मधे रेघ मारते. पाच फूट पाच इंचांच्या वरचे सगळे 'उंच' आणि खालचे सगळे 'बुटके' अशी नोंद केली तर काय होईल? अर्ध्या इंचाच्या फरकाने दोन माणसं दोन जातींची होतील. तसंच इथे. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं. आणि गंमत म्हणजे, ही चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते की भरतीसाठी हिचा वापर करू नका.

तिरफळ, तुमची 'सगळ्यात जास्त-सगळ्यात कमी' वाली टेस्ट वेगळ्या घराण्यातली वाटते, बहुधा डिस्क (DISC) नावाची. तिच्याबद्दल जेवून आल्यावर लिहितो.

पेठकर
रहस्यकथा! तरीच शेवटपर्यंत खुनी कळत नाही.

एचआरवाली_बाई
अपेक्षेप्रमाणे एचआरची धुलाई सुरू झालेली आहे. माझीही बाजू ऐका.

एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. प्रत्येकाशी तासभर बोलायला माणसं नाहीत. वरून दर महिन्याला 'अजून जागा भरली का नाही' असा तगादा. अशा वेळी टेस्टचा उपयोग होतो, पण पहिल्या चाळणीपुरता आणि बाकी माहितीच्या जोडीला. मी स्वतः अशा दोन टेस्टचं प्रमाणपत्र घेतलंय. त्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात की रिपोर्ट उमेदवारासोबत बसून वाचायचा, त्याला 'हे तुम्हाला पटतंय का?' असं विचारायचं आणि मॅनेजरच्या हातात तो सुटा द्यायचा नाही. तिरफळ यांच्याकडे नेमकं तेच केलेलं दिसतंय. मॅनेजरने रिपोर्ट चाळला, त्याच्या मनात आधीच असलेल्या नावाला अनुकूल पान शोधलं आणि नकाराची जबाबदारी टेस्टवर ढकलली. स्पष्ट बोलते त्याबद्दल क्षमस्व.

विकायला येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: तुमचे आकडे कुणाशी तुलना करून काढलेत? 'सत्तराव्या पर्सेंटाइलला' म्हणजे कुणांमध्ये? अमेरिकेतल्या मॅनेजर लोकांत, की भारतातल्या नोकरदारांत, की वेबसाइटवर फुकट टेस्ट देणाऱ्या कुणाहीत? निम्मे सेल्सवाले तिथेच चहाचा घोट घेतात.

शॉपफ्लोअर
एचआरवाली बाई, तुमच्यासारख्या सगळीकडे असत्या तर बरं झालं असतं. आमच्याकडचं ऐका. चाकण पट्ट्यातला कारखाना. आयटीआयची पोरं कंत्राटदारामार्फत येतात. कुणीतरी वर ठरवलं की त्यांची 'प्रामाणिकपणा चाचणी' घ्यायची. टॅबवर हिंदीत प्रश्न. 'तुम्ही कधी खोटं बोलला आहात का?' 'सहकाऱ्याने एखादी वस्तू घरी नेली तर तक्रार कराल का?' 'कामाच्या जागेवरची छोटी चोरी माफ करावी का?'

पोरं बीड-लातूर-नांदेडची, खोलीवर सहा-सहा जण राहणारी. एकाने पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं, 'हो, बोललोय'. झाला नापास. दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराच्या सुपरवायझरने गेटबाहेरच्या टपरीवर शिकवणी सुरू केली: कुठल्या प्रश्नाला हो आणि कुठल्याला नाही. सगळे पास. म्हणजे चाचणी प्रामाणिकपणाची आणि नापास झाला तो एकटाच प्रामाणिक.

मोगरा
अरेरे. वाचून हसावं की रडावं कळेना.

आकडेमोड
शॉपफ्लोअर, त्या 'कधी खोटं बोललात का'सारख्या प्रश्नांचा मूळ हेतू उलटा असतो. 'कधीच नाही' म्हणणारा माणूस स्वतःला फार गोड करून दाखवतोय, एवढं त्यातून ताडायचं असतं. तुमच्याकडे ज्याने कुणी गुण दिले त्याला चाचणीच समजलेली नव्हती.

आता डिस्क. विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये वर्तनाचे चार प्रकार मांडले. त्याने स्वतः प्रश्नावली केली नव्हती, ती पुढे इतरांनी केली. खोटं बोलताना रक्तदाब वाढतो या कल्पनेवर काम करणारा हाच माणूस, म्हणजे लाय डिटेक्टरच्या पूर्वजांपैकी एक. आणि वंडर वुमन हे कॉमिकमधलं पात्रही याचंच, १९४१ चं.

गावठी_कोंबडा
थांबा थांबा. म्हणजे तिरफळ ताईंना क्लायंटसमोर जायचं की नाही हे वंडर वुमनच्या बापाने ठरवलं?

तिरफळ
कोंबडेबुवा, हे वाक्य मी प्रिंट काढून डेस्कवर लावणार आहे.

आकडेमोड
हसा, पण यात कामाचा मुद्दा पुढे आहे. 'चारातलं एक निवडा' पद्धतीत तुमची तुलना तुमच्याशीच होते. बारकाव्यांचा पर्याय जास्त वेळा निवडला की मिसळण्याचा कमी वेळा निवडला जाणारच, कारण गुण एकाच पिशवीतून जातात. त्यावरून 'तिरफळ यांना लोकांत मिसळण्यापेक्षा बारकावे अधिक जवळचे' इतकंच म्हणता येतं. 'तिरफळ शेजारच्या अमुकपेक्षा कमी मिसळतात' हे त्या साध्या गुणांवरून म्हणताच येत नाही. कदाचित तुम्ही त्याच्या दुप्पट मिसळत असाल आणि बारकावे चौपट तपासत असाल! (काही आधुनिक चाचण्या किचकट गणित करून यातून वाट काढतात, पण तो वेगळा प्रकार.) उमेदवारांत डावं-उजवं करायला ही पद्धत वापरली असेल तर तुमचा पहिला आक्षेप इथे घ्या.

स्टुटगार्टकर
इकडचा अनुभव देतो. जर्मनीत कंपनीत 'बेट्रीब्सराट' असतो, कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती. कर्मचाऱ्यांना वैयक्तिक माहितीची प्रश्नावली द्यायची तर समितीची संमती लागते, या समित्यांबद्दलच्या कायद्याचं ९४ वं कलम. आमच्याकडे मागे एक स्वभावचाचणी आणायचा घाट होता. समितीतल्या बाईंनी बैठकीत विचारलं, हा प्रश्न कुठल्या कामासाठी? हा कुणाला दिसणार? किती वर्षं ठेवणार? शेवटी भरतीतून ती टेस्ट गेली आणि ट्रेनिंगला ऐच्छिक म्हणून राहिली, निकाल फक्त देणाऱ्याला. बाई असेंब्ली लाइनवरच्या आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या नाहीत.

आपल्याकडे आयटीत युनियनचं नाव काढलं की लोक दचकतात, पण निदान चार जणांनी मिळून हे तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

पेठकर
जर्मनीत राहून पुण्यातल्या लोकांना सल्ला देणं सोपं आहे. इथे चार जण मिळून चहाला जातात, तेही बिल वेगवेगळं.

वकिली_डोळा
कायद्याचं थोडं. अमेरिकेत यावर बरंच भांडण झालंय. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सोरोका खटल्यात एका स्टोअर साखळीने सुरक्षारक्षकांच्या भरतीत धर्म आणि लैंगिक आयुष्याबद्दलचे प्रश्न असलेली चाचणी लावली होती. अपील कोर्टाने हे खासगीपणाचं उल्लंघन ठरवलं. २००५ मध्ये दुकानांच्या एका साखळीविरुद्धच्या कॅराकर खटल्यात फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की एमएमपीआय ही चाचणी वैद्यकीय तपासणीत मोडते, बढतीची अट म्हणून ती लावता येणार नाही. एमएमपीआय १९४० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात मानसिक आजारांच्या निदानासाठी तयार झाली. दवाखान्यातलं साधन दुकानातल्या बढतीला लावलं होतं.

आपल्याकडे खासगी नोकरीतल्या अशा चाचण्यांवर वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याची लोक आशा धरतात, पण त्यातही नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिलेली आहे. त्यामुळे तिरफळ, नोटिशीच्या भानगडीत न पडता कंपनीचं स्वतःचं बढतीचं धोरण मागवा. त्यात या टेस्टचा उल्लेख नसेल तर लेखी विचारा की तिचं वजन किती धरलं. मेल करा, तोंडी नको.

कॅप्टन_चष्मा
धागा आजच पाहिला. एसएसबीचा (सैन्यदलांतले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचा) विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं. देशातल्या जुन्या आणि मोठ्या स्वभावचाचण्यांपैकी ती एक.

पाच दिवस. पहिल्या दिवशी छाननी, त्यात बरेच जण दुपारीच परतीच्या गाडीला. दुसरा दिवस मानसशास्त्राचा. टीएटीत पडद्यावर अंधुक चित्र तीस सेकंद, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं आणि बारावं कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. मग साठ प्रसंग तीस मिनिटांत: 'तो जंगलातून जात असताना...' आणि शेवटी आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात ते लिहायचं. हात दुखून येतो, विचार करायला सवडच मिळत नाही, आणि हेतूही तोच.

पण मला सांगायचंय ते वेगळं. तिथे मानसशास्त्रज्ञ एकटा निर्णय घेत नाही. मैदानावर जीटीओ (गटाच्या कसोट्या घेणारा अधिकारी) वेगळा बघतो, मुलाखत घेणारा वेगळा बघतो, आणि शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत तिघं आपापली मतं स्वतःपाशी ठेवतात. कागदावरचा शूरवीर मैदानात फळी-दोरी हाताळताना इतरांना ढकलत असेल तर ते तिथे उघडं पडतं. तिरफळ यांच्या कंपनीने तिघांपैकी एकच ठेवला आणि तोही संगणक.

मोगरा
कॅप्टन साहेब, पण त्याचेही क्लास आहेत ना? आमच्या शेजारचा मुलगा सराव करायचा. त्याच्या प्रत्येक गोष्टीतला नायक अपघात बघायचा, जखमींना दवाखान्यात न्यायचा, रक्तदान करायचा आणि तरीही परीक्षेला वेळेवर पोचायचा.

कॅप्टन_चष्मा
हा हा! तो नायक देशभर फिरतो. रोज शेकडो वह्या वाचणाऱ्याला तो दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. क्लासला माझा विरोध नाही, वेळेची सवय होते. पण गोष्ट पाठ करून गेलेल्या मुलाची अडचण पुढे मुलाखतीत होते, कारण तो स्वतः कधी रक्तपेढीत गेलेलाच नसतो.

रुळावरून
भुसावळ विभागातून लिहितोय, लोको पायलट. आमच्या भरतीत असिस्टंट लोको पायलटला एक टप्पा असतो, पोरं त्याला 'सायको' म्हणतात. आता कॉम्प्युटरवर असतं. पाच चाचण्या: स्मरण, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग. प्रत्येकीत ४२ टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण, सरासरी ५० धरून) आणावाच लागतो. एकीत कमी पडलात तर बाकी चारांत कितीही आणा, बाहेर. कुठल्याच प्रवर्गाला त्यात सूट नाही.

पण तिथे कुणी विचारत नाही की तुम्ही पार्टीत कोपऱ्यात बसता का. सिग्नल दिसतो का, दिसल्यावर लक्षात राहतो का, तेवढंच. तोंडावर कमी बोलणारे कितीतरी पायलट आमच्याकडे आहेत, गाडी मात्र अशी थांबवतात की डब्यातल्या चहाचा कपही हलत नाही. कामाला जे लागतं ते तपासा, असं माझं साधं म्हणणं.

आकडेमोड
+१ रुळावरून. संशोधनही साधारण तिकडेच बोट दाखवतं. स्वभावात कामाशी सगळ्यात टिकाऊ संबंध दिसतो तो काटेकोरपणाचा, म्हणजे हातात घेतलेलं नेटाने पूर्ण करणं. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हे दाखवलं. पण संबंध किती? सहसंबंध ०.२ च्या आसपास (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे कामगिरीतला चारेक टक्के फरक त्याने उलगडतो, उरलेला दुसऱ्या कशाने. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले. त्यात सगळ्यात वर आली ती आखीव मुलाखत, ०.४२. सगळ्यांना तेच प्रश्न, कामाशी निगडित, आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या कसोटीवर गुण. पेठकर म्हणतात त्या 'दहा मिनिटं बोलून माणूस ओळखणाऱ्या' साहेबांचा नंबर बराच खाली लागतो. आणि हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांचा जवळजवळ शून्य.

सुवाच्य
हस्ताक्षराबद्दल असहमत. मी स्वतः ग्राफोलॉजीचा कोर्स केलाय. सहीखाली रेघ मारायला लागल्यापासून माझ्यात खूप फरक पडला आहे. विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही.

गावठी_कोंबडा
मी चेकवरच्या सहीखाली रेघ मारली तर बँकेने चेक परत पाठवला. फरक मलाही पडला.

आकडेमोड
सुवाच्य, तुम्हाला फरक पडला असेल तर आनंदच आहे. पण एक जुना प्रयोग सांगतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' स्वभाववर्णन दिलं. किती जुळतंय याला पाचापैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. तिरफळ, 'शांत, पद्धतशीर, विश्वासू' वाचून बरं वाटलं असं तुम्ही वर लिहिलंय, म्हणून आठवलं.

पेठकर
यात नवीन काय? समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणं सांगितली, वर पढतमूर्खाची वेगळी सांगितली. ते वाचताना प्रत्येकाला दुसरा कोणीतरी आठवतो, स्वतः कुणीच सापडत नाही. हे तुमच्या फोररच्या बरोबर उलटं आहे आणि जास्त खरं आहे.

एचआरवाली_बाई
पेठकर, हा प्रतिसाद आवडला!

अनामिका_२
एवढे दिवस वाचत होते, आता लिहिते. इथे सगळे टेस्टवर तुटून पडलेत आणि 'समोर बसवून बोलणं' कसं छान याच्या आठवणी निघतायत. माझ्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. मुलाखतीत पहिला प्रश्न आडनावाचा. मग 'मूळ गाव कुठलं?' मग 'गावात कुठल्या भागात?' तिथवर आलं की समोरच्याचा आवाज कसा बदलतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. तो बदललेला आवाज पुढे 'कम्युनिकेशन स्किल कमी' आणि 'कल्चर फिट नाही' असा फॉर्मवर उतरतो.

माझी आताची नोकरी ज्या कंपनीत लागली तिथे पहिल्या दोन फेऱ्या नाव झाकून होत्या, त्यात एक अशीच स्वभावचाचणी. चाचणी फार शास्त्रीय होती का ते मला माहीत नाही आणि त्या वेळी फरकही पडला नाही. त्या स्क्रीनने माझं आडनाव वाचलं नाही. साहेबांच्या दहा मिनिटांपेक्षा मला ती चार वाक्यं परवडली.

पेठकर
अनामिका, तुमचा मुद्दा मान्य आहे. माझ्या डोक्यातले साहेब चांगले होते. सगळ्यांना तसे मिळत नाहीत.

आकडेमोड
फार महत्त्वाचा प्रतिसाद. पण एक जोडतो. तुम्हाला मदत झाली ती नाव झाकण्याची. नाव झाकून कामाचा नमुना करून घेतला असता, किंवा आखीव मुलाखत फोनवर घेतली असती, तरी ते जमलं असतं.

अनामिका_२
फोनवर? आकडेमोड, तुम्ही माझं मराठी ऐकलेलं नाही. 'ळ' आणि 'ण' ऐकून लोक जिल्हाच काय, गल्ली सांगतात.

आकडेमोड
बरोबर आहे. फोनची सूचना मागे घेतो. लेखी नमुना.

शॉपफ्लोअर
अनामिका ताईंना सलाम. आमच्या पोरांनाही गेटवर पहिला प्रश्न तोच असतो.

नवा_गडी
मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला अशी टेस्ट असणार आहे. खरं लिहू की त्यांना हवं ते? तिरफळ ताईंनी पण विचारलं होतं, कोणी नीट उत्तर दिलं नाही.

एचआरवाली_बाई
नवा गडी, कामाच्या जागी जसा असतोस तसं लिही, म्हणजे घरी आईसमोर असतोस तसं नव्हे. प्रत्येकाच्या वागण्यात एवढं अंतर असतंच आणि ते खोटं नाही. पण सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' ठोकत सुटू नकोस. तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा येतो आणि उत्तरं जुळली नाहीत तर रिपोर्टवर तसा शेरा येतो.

वकिली_डोळा
हा प्रश्नही जुनाच. १९५६ मध्ये विल्यम व्हाइट या अमेरिकन पत्रकाराने कॉर्पोरेट माणसावर पुस्तक लिहिलं, त्याला 'पर्सनॅलिटी टेस्टमध्ये फसवणूक कशी करावी' असं परिशिष्टच जोडलं होतं. सार असं की शक्य तितकं मध्यममार्गी, बेताचं आणि कंपनीला सोयीचं उत्तर द्या. त्याचा रोख अर्थात चाचण्यांवर होता, फसवणाऱ्यांवर नव्हे.

रुळावरून
नवा गडी, सेल्सची नोकरी असेल आणि तुला अनोळखी माणसाशी बोलायचा खरंच त्रास होत असेल, तर टेस्टला फसवून आत जाशीलही. मग रोज सकाळी कोणाला फसवशील? पण पैशाची नड असेल तर घे बाबा नोकरी, हे पण सांगतो. पोट आधी.

मोगरा
अवांतर: आमच्याकडे दहावीला कलचाचणी होती तेव्हा (२०१६ ला सुरू झाली ती) भाचीचा कल 'गणवेशधारी सेवा' आला. घरात सगळे हादरले, कारण ती झुरळाला घाबरते. आता ती एअरलाइनमध्ये आहे. गणवेश आहे!

गावठी_कोंबडा
चाचणी १००% अचूक. धागा बंद करा.

तिरफळ
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वकिली डोळा, मेल केला. आकडेमोड यांचा 'स्वतःशीच तुलना' हा मुद्दा घातला, एचआरवाली बाईंचा 'कुणाशी तुलना करून आकडे काढले' हा प्रश्न घातला आणि रिपोर्ट कुणाकुणाला दिसतो ते विचारलं. शिवाय मी घेतलेल्या क्लायंट कॉलची यादी जोडली, तारखांसकट.

एचआरचं उत्तर आलं: 'रिपोर्ट पूर्णपणे गोपनीय असून निवडीत अनेक घटकांपैकी एक आहे.' गोपनीय रिपोर्ट मॅनेजरच्या स्क्रीनवर उघडा होता, पण असो. बाकी दोन प्रश्नांना उत्तर नाही, 'व्हेंडरकडे विचारणा केली आहे'. माझ्याबरोबर आणखी दोघांनी तसाच मेल टाकला (स्टुटगार्टकर, नोंद घ्या. बिल वेगवेगळं नव्हतं). निवड अजून जाहीर झालेली नाही.

स्टुटगार्टकर
नोंद घेतली. व्हेंडरचं उत्तर आलं की इथे टाकाच, नाव खोडून.

एचआरवाली_बाई
व्हेंडर बहुधा एक गुळगुळीत पीडीएफ पाठवेल. त्यात 'टेक्निकल मॅन्युअल' मागून घ्या. ते नसेल किंवा द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

सुवाच्य
तिरफळ, सहीचा फोटो पाठवलात तर नेतृत्वगुण आहेत का सांगू शकेन. नि:शुल्क.

ॲडमिन
सुवाच्य, कृपया सदस्यांकडून सहीचे फोटो मागवू नयेत. ग्राफोलॉजीसाठी वेगळा धागा काढावा.

काजवा
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. कॅप्टन साहेब, माझ्या पुतण्याचं पुढच्या महिन्यात भोपाळला एसएसबी आहे. तो फारसा बोलत नाही. ग्रुप डिस्कशनमध्ये मागे पडेल अशी भीती वाटते. काय करावं?

कॅप्टन_चष्मा
काजवा, कमी बोलतो म्हणून काळजी नको. पण छाननीच्या दिवशी चित्रावरच्या चर्चेत सगळे एकदम ओरडतात, मासळीबाजार होतो. तिथे दोन-तीनदा तरी नेमकं बोलायला हवं, आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकून त्याला जोडून बोलला तर उत्तमच. रोज कुणातरी अनोळखी माणसाशी पाच मिनिटं गप्पा मारायला सांगा, दुकानदार, रिक्षावाला, कुणीही. आणि ती रक्तदानाची गोष्ट पाठ केली असेल तर विसरायला सांगा. बाकी व्यनि केला आहे.